दोन वाटांचे गाव : हडपसर
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी काही कीर्तनकार नाही. शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झालो. दिंडीच्या मंडळींनी सांगितले, ‘गुरुजी, शताब्दी आहे, वाटेवरच्या एका गावाविषयी बोला.’ मी म्हटलं, दुसऱ्याच्या गावाविषयी कशाला बोलू? ज्या गावात जन्मलो, ज्या गावात तुमच्या पंगतीला वाढत लहानाचा मोठा झालो, त्या हडपसरविषयीच बोलतो. तुम्ही दरवर्षी तिथून जाता. पण जाता म्हणजे किती वेळ? सकाळचा तासा-दोन तासांचा विसावा. पुढे दिवे घाट दिसत असतो, सासवड लांब असते, म्हणून पाय थांबत नाहीत. त्या दोन तासांत न दिसलेले गाव आज दाखवतो.

गाडीतळावरची फारकत

वारकऱ्याच्या दृष्टीने हडपसरचे महत्त्व कशात? तिथे संतांची समाधी नाही, मोठे क्षेत्र नाही, अष्टविनायकातला गणपतीही नाही. तो थोडा पुढे, थेऊरला. हडपसरचे महत्त्व एवढेच, की तिथे रस्ता फुटतो.

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी आणि देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी पुण्यात दोन रात्री राहतात. माउली भवानी पेठेत पालखी विठोबाच्या मंदिरात, तुकोबाराय नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात. मग एकाच सकाळी दोघांचे प्रस्थान होते. पुलगेट मागे पडते आणि एकाच रस्त्याने दोन्ही सोहळे हडपसरला येतात. गाडीतळाशी डावीकडचा रस्ता सोलापूरचा, तो तुकोबारायांचा. उजवीकडचा सासवडचा, तो माउलींचा. तुकोबारायांचा मुक्काम त्या दिवशी लोणी काळभोरला. पुढे यवत, वरवंड, उंडवडी, बारामती, इंदापूर, अकलूज. माउलींचा मुक्काम सासवडला. पुढे जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर. या दोन वाटा पुन्हा जवळ येतात त्या थेट पंढरपूरच्या वेशीवर, वाखरीला.

म्हणजे बघा, हडपसरच्या माणसाचे भाग्य काय! सासवडकरांना माउली मिळतात, लोणीकरांना तुकोबाराय मिळतात. हडपसरकरांना एकाच सकाळी दोघांचे दर्शन. आमच्या म्हाताऱ्या बाया उपवासाच्या पोटी पहाटेपासून रस्त्याच्या कडेला बसत. एक रथ गेला तरी उठत नसत. ‘लेकरा, अजून एक यायचाय’ असं म्हणत.

इतिहासाचा मास्तर म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. या वाटा पहिल्यापासून वेगळ्या नव्हत्या. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखी सोहळा सुरू केला, तो ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत घेऊन. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र केला आणि त्याला आजची शिस्त दिली. हैबतबाबा हे शिंदे सरकारच्या पदरचे सरदार. सगळे सोडून आळंदीला येऊन राहिले. दिंड्यांचे क्रम, मुक्काम, समाज-आरती हे जे आज आपण अंगवळणी पडल्यासारखे करतो, त्यामागे त्यांची घडी आहे. शितोळे सरकारांचे घोडे आणि तंबू तेव्हापासूनचे. तेव्हा गाडीतळाला होते ती फारकत भांडणाची नाही, वाटणीची आहे. दोन भाऊ दोन गावांना जावेत आणि दोन्ही गावांना बाप दिसावा, तशी.

लढाईचे रान, पाटाचे मळे

आता जुने हडपसर. याच रानात २५ ऑक्टोबर १८०२ रोजी मोठी लढाई झाली. दिवस दिवाळीचा. एका बाजूला यशवंतराव होळकर, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या बाजीरावाचे आणि दौलतराव शिंद्यांचे सैन्य. मराठ्यांनीच मराठ्यांशी लढलेली लढाई. होळकर जिंकले, पेशवा पुणे सोडून पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला इंग्रजांशी तह करून बसला. राज्य जायची सुरुवात कुठून झाली असे कोणी विचारले, तर बोट आमच्या शिवाराकडेही दाखवावे लागते. तुम्ही पुण्यातून निघाल्यावर जिथे आरतीला थांबता, ती वानवडीची शिंदे छत्री महादजी शिंद्यांची. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी ते वानवडीला वारले. ते गेले आणि आठ वर्षांत ही लढाई झाली. भाऊबंदकी काय करते ते समजायला दुसरे पुस्तक नको.

त्याच रानाचे पुढे मळे झाले, हे मात्र पाण्याचे काम. खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले आणि मुठेचा उजवा कालवा हडपसरवरून पुढे गेला. आम्ही त्याला कालवा नाही, पाट म्हणायचो. पाटाला पाणी आले, की गावाचा चेहरा बदले. ऊस, भाजी, फुले, चारा, सगळे पुण्याला जाई. पाण्याची पाळी रात्री आली तर कंदील घेऊन बारे धरायला जायचे. पहाटे दोन-तीनला बैलगाड्या भरून मंडईकडे निघायच्या. गाडीतळ हे नाव उगाच नाही पडले. अजूनही हडपसरची भाजी म्हटले की पुणेकर ओळखतो. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. ती तिथे आली, त्यामागे या पट्ट्याची बागायत आहे.

तुमच्या दिंडीच्या पहिल्या मंडळींनी हे हडपसर पाहिले. त्यांच्या वेळी विसावा म्हणजे चिंचेखाली नाहीतर उसाच्या कडेला. पाटाच्या पाण्यात पाय सोडायचे, मळ्यातली रताळी उकडलेली, केळीच्या पानावर वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी. कारण तो दिवस ज्येष्ठ वद्य एकादशीचा. तुम्ही उपवासाला, आम्ही उपवासाला. वाढणाराही उपाशी आणि जेवणाराही उपाशी, अशी पंगत दुसरीकडे क्वचित बघायला मिळेल.

गिरण्या नव्हेत, कारखाने

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. हडपसरला औद्योगिक वसाहत झाली. शेजारी मुंढव्याला भारत फोर्ज आली. १९६६ साली सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. घोड्यांच्या फार्मवाल्या घराण्यातला माणूस लशी बनवायला लागला, तेव्हा गावाला नवल वाटले. आज जगभरातल्या लेकरांना टोचल्या जाणाऱ्या कितीतरी लशी तिथून जातात.

कारखान्यांनी माणसे आणली. सोलापूर, लातूर, बीड, धाराशिव, नगरकडची माणसे. दुष्काळाने रान सोडायला लावलेली. यातली पुष्कळशी माळकरी. त्यांनी हडपसरला काय आणले? त्यांनी सप्ताह आणले. चाळीच्या बोळात विणा उभी राहिली. पहाटे काकडा, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काला. तिसऱ्या पाळीवरून सुटलेला कामगार घरी न जाता काकड्याला यायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. मूळ गावकरी आणि बाहेरून आलेला यांची ओळख तिथे झाली. जात, जिल्हा कोणी विचारत नसे. चाल येते का आणि टाळ धरता येतो का, एवढेच.

शिक्षण आणि दवाखान्याचेही सांगतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचे साधना विद्यालय इथले. मळ्यातली पोरे तिथे शिकली. अण्णासाहेब मगरांच्या नावाचे महाविद्यालय आहे. आणि महाराष्ट्र आरोग्य मंडळाचे साने गुरुजी रुग्णालय आहे. हे नाव वारकऱ्याने नीट ऐकावे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले होते, विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य म्हटलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून. दहा दिवस ते बसले. मंदिर खुले झाले. आज कोणत्याही समाजाचा वारकरी पायावर डोके ठेवतो, त्यात त्या माणसाच्या उपासाचा वाटा आहे. आपण सगळे एकादशीला आपल्या पुण्यासाठी उपाशी राहतो. गुरुजी दुसऱ्याच्या दर्शनासाठी उपाशी राहिले. त्या रुग्णालयावरून जाताना मनातल्या मनात हात जोडा.

मळ्यांचे मनोरे

मग आले ते आजचे हडपसर. दोन हजार सालानंतरचे. मगरपट्ट्यात सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर जमीन एकत्र केली. बिल्डरला विकून मोकळे झाले नाहीत. स्वतःची कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन, त्याचा तेवढा वाटा ठरवला. तिथे आता नगर उभे आहे, संगणकाची मोठमोठी कार्यालये आहेत. देशोदेशीचे लोक ते बघायला येतात. साडेसतरा नळीकडे अमनोरा उभे राहिले, फुरसुंगीकडे आयटी पार्क. जिथे मी बारे धरले, तिथे आता बाराव्या मजल्यावर दिवा लागतो.

मी काही याला शिव्या देणार नाही. शेतकऱ्याच्या पोराला चांगले घर मिळू नये काय? पण एक खरे, की सगळ्यांचे मगरपट्ट्यासारखे झाले नाही. कित्येकांनी गुंठ्या-गुंठ्याने विकली, पैसा आला तसा गेला, आणि आज त्याच जमिनीवरच्या इमारतीच्या फाटकावर त्यांची पोरे वॉचमन आहेत. आणि शहराने आमच्याकडून भाजी घेतली, दूध घेतले, जमीन घेतली आणि बदल्यात कचरा पाठवला. तुमच्या सासवडच्या वाटेवर उरुळी देवाची आणि फुरसुंगी लागते. तिथला वास तुम्हाला अर्धा तास येतो. तिथल्या विहिरी नासल्या, लोकांनी वर्षानुवर्षे तोंडावर फडके बांधून दिवस काढले. पंढरीच्या वाटेवर जी गावे आहेत, त्यांचे दुःख वारकऱ्याला ठाऊक असले पाहिजे, म्हणून सांगितले.

आता कोणी पाहुणा म्हणून हडपसरला आला तर काय बघावे? तुकाईच्या टेकडीवर जावे, वारा चांगला लागतो. ग्लायडिंग सेंटरवर बिनइंजिनाची विमाने उडतात, पोरांना आवडतात. पहाटे भाजी बाजार बघावा. माउलींच्या वाटेने पुढे गेले, तर वडकीला घाटाखाली मस्तानी तलाव आहे. सोलापूरच्या वाटेने गेले, तर लोणीजवळ रामदरा, आणि थेऊरचा चिंतामणी, जिथे १७७२ साली थोरल्या माधवरावांनी देह ठेवला. पण खरे बघण्यासारखे हडपसर वर्षातून एकाच सकाळी असते. न्हावी फुकट दाढी करतो, चांभार दादा वहाण शिवून देतो, डॉक्टर मंडळी पाय चोळतात, शाळेची पोरे पाणी देतात, कोणी मोबाईल चार्ज करून देतो. त्या सकाळी आमच्या गावात कोणी मोठा साहेब नसतो.

रिकामा रस्ता

दोन वर्षे ती सकाळ आली नाही. २०२० आणि २०२१. पादुका एसटीच्या गाडीने पंढरीला गेल्या. मी एकादशीला पहाटे सवयीने गाडीतळावर गेलो. चार-पाच म्हातारी माणसे होती, तोंडाला फडकी बांधून, लांब-लांब उभी. कोणी कोणाशी बोलेना. टाळ नाही, पताका नाही. एका बाईने रस्त्यावर रांगोळी काढली, हात जोडले आणि ती निघून गेली.

पण त्याच काळात त्याच गावात रात्रंदिवस लस तयार होत होती. १२ जानेवारी २०२१ रोजी पहाटे सीरममधून लशीचे पहिले ट्रक निघाले, तेव्हा फाटकाशी लोकांनी नारळ फोडला. मला ते प्रस्थानासारखेच वाटले. पुढच्या वर्षी, २०२२ ला, दिंड्या परत आल्या. तुमच्या दिंडीतली काही ओळखीची माणसे नव्हती, आमच्या गल्लीतलीही नव्हती. पण वाट परत चालू झाली.

विणा कुठे टेकवायची?

आता ज्यासाठी उभा राहिलो, ते बोलतो. शताब्दीच्या ग्रंथात नुसते कौतुक छापून आले, तर पुढच्या शंभर वर्षांना त्याचा उपयोग नाही.

तुमच्या दिंडीचा विसावा तीन पिढ्या आमच्या मळ्यात होता. मळा गेला, तिथे सोसायटी झाली. मग आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये फराळ ठेवू लागलो. एका वर्षी सोसायटीच्या सभेत प्रश्न निघाला. एवढी परकी माणसे आत कशी घ्यायची? सुरक्षेचे काय? संडास कोणते वापरणार? गाड्यांना ओरखडे पडले तर? बोलणारी माणसे वाईट नव्हती. परराज्यातली होती, काही आपल्याकडचीच पण शहरात वाढलेली. त्यांना दिंडी म्हणजे रस्ता बंद एवढेच माहीत.

मी उत्तर द्यायला उठणार, तेवढ्यात मागून एक आजी उठल्या. मुलगा आयटीत, त्याच्याकडे राहायला आलेल्या, लातूरकडच्या. त्या म्हणाल्या, ‘माझी माय बारा वर्षं चालली. दर वर्षी घरी येऊन सांगायची, पुण्यापुढं एका मळ्यात वरीचा भात मिळतो. तो मळा कुठला, ते मला आज कळलं. मी ज्या फरशीवर उभी आहे, तोच का हो?’ सभा गप्प झाली. ठराव कोणी मांडला ते आठवत नाही, पण त्या वर्षीपासून पार्किंगमधल्या गाड्या आदल्या रात्रीच बाहेर काढतात. आणि खिचडीचा पहिला हात त्या तामिळ कुटुंबातल्या बाईचा असतो, जिने सभेत सगळ्यात जास्त प्रश्न विचारले होते. तिने विचारलेले संडासाचे आणि पाण्याचे प्रश्न बरोबरच होते, म्हणून ते काम आम्ही तिच्याकडेच दिले. तेव्हापासून आया-बहिणींची आडोशाची सोय आमच्याकडे चोख आहे.

पण सगळीकडे अशी आजी उठेल असे नाही. मोकळी जागा दरवर्षी कमी होते आहे. ८ नोव्हेंबर २०२१ ला पालखी महामार्गांच्या रुंदीकरणाची पायाभरणी झाली. रस्ते मोठे होत आहेत, चांगलेच आहे. पण रस्ता चालण्यासाठी असतो, बसण्यासाठी झाड लागते. म्हणून मी दोन्हीकडे हात जोडतो.

दिंडीला माझी विनंती. विसाव्याच्या ठिकाणी महिनाभर आधी पत्र पाठवा. किती माणसे, किती आया-बहिणी, किती वाजता, किती वेळ. अंदाजावर सोय होत नाही आणि उरलेले अन्न रस्त्यावर जाते. चार ठिकाणी बोलावले, तर पोटाला लागेल तेवढेच घ्या. प्लास्टिकचे ग्लास न घेता गळ्यात आपला तांब्या-पेला ठेवा. ज्या वाटेवरच्या गावाने शहराचा कचरा सोसला, तिथे आपला कचरा नको. आणि निघण्यापूर्वी पाच मिनिटे का होईना, सोसायटीच्या पोरांना टाळ हातात द्या. दोन पावले पावली शिकवा. त्या पोरांपैकी एखादे तुमच्या द्विशताब्दीला वाढप्याच्या जागी उभे असेल.

हडपसरकरांना माझी विनंती. माझे गाववाले इथे बरेच बसलेत. आपण मळे विकले, त्याचा हिशेब झाला. पण विसाव्याचा हिशेब आपल्याकडे अजून शिल्लक आहे. आपल्या वाडवडिलांनी तो सातबाऱ्यावर लिहिला नव्हता, म्हणून तो विकलाही गेलेला नाही. गाडीतळाच्या आसपास एक तरी मोकळे मैदान, दोन-चार वडा-पिंपळाची झाडे, नळ आणि स्वच्छतागृहे एवढे कायमचे राखून ठेवावे, यासाठी सगळ्या मंडळांनी, सोसायट्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी एकत्र बसावे. सव्वाशे घरे जमीन एकत्र करून नगर वसवू शकतात, तर सगळे गाव मिळून एका सकाळीपुरते अंगण राखू शकत नाही काय?

माउली, हडपसर हे मुक्कामाचे गाव नाही, वाटेचे गाव आहे. १८०२ ला तिथे भाऊ भावाशी लढून वेगळे झाले आणि दोघांचेही गेले. आणि दर आषाढीच्या आधी त्याच शिवारात दोन पालख्या वेगळ्या होतात, आणि वाखरीला दोन्ही पोचतात. गावाला काय शिकायचे आहे, ते समोरूनच जाते.

येत्या ज्येष्ठ वद्य एकादशीला फराळ तयार आहे. पत्र तेवढे वेळेवर पाठवा.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम! राम कृष्ण हरि!